महारेराची परीक्षा पास झालात, आता बसायचं कुणाच्या ऑफिसात?

महाराष्ट्रात घराची दलाली शिकायला परवापरवापर्यंत कुणी वर्गात बसत नव्हतं. मामाचं ऑफिस असायचं, नाहीतर ओळखीतले दोन फ्लॅट भाड्याने लावून देता देता माणूस एक दिवस व्हिजिटिंग कार्ड छापून मोकळा व्हायचा. २०१६चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि एजंटला नोंदणी सक्तीची झाली. तरी ती नोंदणी म्हणजे अर्ज, कागदपत्रं आणि फी, एवढंच होतं. खरा बदल २०२३ साली झाला. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, एजंटांना वीस तासांचं प्रशिक्षण आणि त्यावरची परीक्षा बंधनकारक केली. मे २०२३ मधल्या पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले, ४०५ पास झाले. ज्यांनी मुदतीत हे प्रमाणपत्र घेतलंच नाही अशा सुमारे वीस हजार जुन्या एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली.

तेव्हा आज या धंद्यात येणारा मुलगा किंवा मुलगी हातात प्रमाणपत्र घेऊनच येते. वीस तासांत रेराची कलमं कळतात, कार्पेट एरिया कसा मोजतात ते कळतं. फ्लॅट विकायचा कसा ते कळत नाही, आणि त्याचे पैसे केव्हा मिळतात हे तर कुणी सांगतच नाही. ते शिकायचं कुठल्या तरी ऑफिसात. कुठल्या, हे नवी माणसं एकाच आकड्यावर ठरवतात : ‘मला किती टक्के देणार?’ माझ्या मते हा आकडा सगळ्यात शेवटी विचारायचा. त्याआधी विचारायचं ते हे, की ग्राहक कुणाच्या नावावर लागतो आणि दलाली हातात येईपर्यंतचे महिने कोण सोसतं.

अमेरिकेत यातला निम्मा प्रश्न कायद्यानेच सोडवून ठेवला आहे. न्यू जर्सीत ७५ तासांचा, टेक्सासमध्ये १८० तासांचा अभ्यासक्रम पुरा करून, परीक्षा देऊनही नव्या एजंटला एकट्याने धंदा करता येत नाही. त्याला एखाद्या परवानाधारक ब्रोकरच्या हाताखालीच राहावं लागतं. कमिशन त्या ब्रोकरकडे येतं आणि त्यातून याला वाटा मिळतो. एजंटाला कुठे तरी बसावंच लागत असल्याने तिथल्या फर्म चांगल्या एजंटांसाठी एकमेकींशी झुंजतात. डेन्व्हरला १९७३ साली सुरू झालेल्या रीमॅक्सने तर व्यवस्थाच उलटी केली : एजंटने ऑफिसचा खर्च भरायचा आणि कमिशन जवळजवळ सगळं स्वतः ठेवायचं. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारा आपला एखादा नातेवाईक या धंद्यात असेल तर ‘स्प्लिट’ (कमिशनची वाटणी) आणि ‘कॅप’ (ब्रोकरच्या वाट्याची मर्यादा) यांवर तो तासभर बोलेल. ऐकून घ्या, पण तसंच्या तसं इथे लावू नका. इथे कायदा नवख्यावर कुणाच्या हाताखाली राहण्याची सक्ती करत नाही. व्यक्तीला दहा हजार रुपये फी भरून पाच वर्षांची नोंदणी मिळते (फर्म किंवा कंपनीला एक लाख लागतात), आणि नंबर आला की बोर्ड लावायला तुम्ही मोकळे. म्हणजे उमेदवारी करायची की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं. बहुतेकांनी ती करावी.

नोकरीच्या जाहिराती सगळ्यात जास्त येतात त्या चॅनेल पार्टनर फर्मच्या. बिल्डरच्या नव्या प्रकल्पात ग्राहक आणून द्यायचा आणि बिल्डरकडून दलाली घ्यायची, हा त्यांचा धंदा. घोडबंदर रोड असो की हिंजवडी-वाकड, काचेचं ऑफिस, भिंतीवर महिन्याच्या टार्गेटचा तक्ता आणि हेडफोन लावून बसलेली पंधरा-वीस पोरं, हे चित्र सगळीकडे सारखं. तुमचं काम फोन करणं, साइट व्हिजिट ठरवणं, ग्राहकाबरोबर साइटवर जाणं. साइटवर पोचलात की बिल्डरची क्लोजिंग टीम ग्राहकाला आत नेते. किंमत, कर्ज, करार सगळं तेच बघतात; तुम्ही बाहेर सोफ्यावर चहा पीत बसता. दोन वर्षं असं काम केलेला माणूस फोनवर तरबेज होतो, पण इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा सरकारी उतारा, समोर ठेवली तर गोंधळतो.

दुसरा प्रकार मोठ्या सल्लागार कंपन्यांचा आणि अख्ख्या प्रकल्पाच्या विक्रीचं मॅन्डेट घेणाऱ्यांचा. तिथे पगार असतो, इन्सेंटिव्ह असतं, व्हिजिटिंग कार्डाला वजन असतं. घरात दुसरी मिळकत नसेल तर पहिली नोकरी तिथेच बघावी, यात कमीपणा काही नाही. मात्र तुम्हाला एका प्रकल्पाची माहिती पाठ होते, बाजाराची नाही. आणि टार्गेट चुकलं की पगार किती दिवस चालू राहतो, हे नियुक्तिपत्रात आधी वाचावं.

तिसरा प्रकार गल्लीतल्या जुन्या इस्टेट एजन्सीचा. नव्या मुलांना तिथे जायचं नसतं. ऑफिस दहा बाय बाराचं, मालक पन्नाशीचे, कॉम्प्युटरपेक्षा त्यांच्या डायरीत माल जास्त. काम रीसेलचं आणि भाड्याचं. वर्गात घाईत सांगितली जाणारी गोष्ट इथे लक्षात ठेवायची : महारेराची नोंदणी लागते ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. जुन्या सोसायटीतला रीसेल आणि भाड्याचे व्यवहार त्या कक्षेबाहेर आहेत, त्यामुळे अशा एखाद्या ऑफिसला नोंदणी नसणं हा गुन्हा नव्हे. फक्त मग तिथे राहून नव्या प्रकल्पात हात घालता येणार नाही.

तरीही मला विचाराल तर पहिलं वर्ष-दीड वर्ष इथे काढावं. कारण रीसेलमध्ये क्लोजिंग टीम नसते, सगळं तुम्हालाच करावं लागतं. १९८७ साली घेतलेला फ्लॅट; आधीच्या मालकाचा करार आहे, पण त्यावर मुद्रांक शुल्क पूर्ण भरलंय का? शेअर सर्टिफिकेट अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, आणि तीन भावंडांतलं एक पुण्यात, एक कॅनडात. विकणाऱ्याचं कर्ज शिल्लक आहे, बँकेचं फोरक्लोजर लेटर यायचंय; घेणाऱ्याची बँक म्हणते आधी सोसायटीची एनओसी द्या; सेक्रेटरी ट्रान्सफर प्रीमियम म्हणून लाखभर मागतो, आणि तेव्हा तुम्हाला ठामपणे सांगता आलं पाहिजे की त्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, पुण्यात सात, खरेदी एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट, नोंदणी फी जास्तीत जास्त तीस हजार, हे आकडे इथे पाठ करावे लागत नाहीत. चार व्यवहार केले की जिभेवर बसतात. भाड्याचं कामही तुच्छ नाही. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं महाराष्ट्रात सक्तीचं आहे, आणि अकरा महिन्यांनी तोच भाडेकरू पुन्हा तुमच्याकडे येतो. साधारण एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मिळतं आणि किल्ली दिली त्याच दिवशी मिळतं.

त्या ‘त्याच दिवशी’चं मोल नव्या प्रकल्पात काम करणाऱ्याला विचारा. समजा गुढीपाडव्याला तुमच्या ग्राहकाने ८० लाखांचा फ्लॅट बुक केला. बिल्डर चॅनेल पार्टनरला तीन टक्के देतो असं धरू, म्हणजे २ लाख ४० हजार. पेढे वाटले, ऑफिसच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. आता पुढे. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, असं रेराचं कलम १३ सांगतं. म्हणजे ग्राहकाने आठ लाख जमवायचे, कर्जाची मंजुरी आणायची, कराराची तारीख मिळवायची. यात महिना-दीड महिना सहज जातो. बिल्डरच्या अटीनुसार करार नोंदवून, ठरलेली रक्कम जमा झाल्यावरच तुमच्या फर्मला बिल लावता येतं. बिल लावलं की अकाउंट्स विभागाची रांग. दोन-तीन महिने हा काळ या धंद्यात कुणाला खटकतही नाही. काही ठिकाणी दलाली दोन हप्त्यांत देतात. मग फर्मकडून तुमचा वाटा. पाडव्याच्या बुकिंगचे पैसे गणपतीत आले तर मंडळी नशीबवान म्हणतात. आणि मधेच ग्राहकाने बुकिंग रद्द केलं तर सगळंच गेलं. काही फर्म आधी दिलेला वाटाही पुढच्या व्यवहारातून कापून घेतात.

आता टक्केवारीकडे बघा. एक फर्म तुम्हाला तीस टक्के देते, म्हणजे वरच्या व्यवहारात ७२ हजार. दुसरी सत्तर टक्के देते, १ लाख ६८ हजार. दुसरी फर्म चांगली, असं कुणीही म्हणेल. पण तीस टक्केवाली दरमहा थोडा पगार देत असेल, लीड स्वतः विकत घेत असेल, साइटवर जायला गाडी देत असेल, आणि सत्तर टक्केवाली म्हणत असेल की पोर्टलचे पैसे तुम्ही भरा, पेट्रोल तुमचं, पगार नाही, बिल्डरचे पैसे आले की बघू, तर त्या सहा महिन्यांत घरभाडं कोण भरणार? जास्त टक्केवारी देणारी फर्म बऱ्याचदा जोखीमही तुमच्याच गळ्यात घालत असते. ज्याच्याकडे स्वतःचे ग्राहक आहेत त्याला सत्तर टक्के परवडतात. नवख्याकडे ते नसतात. दलालीवरचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून पाचवरून दोन टक्क्यांवर आला आहे, तेवढाच दिलासा; आणि वर्षाची दलाली वीस लाखांच्या आत आहे तोवर जीएसटी नोंदणीची कटकट नाही. फर्म तुमच्या वाट्यातून ‘जीएसटी’ म्हणून काही कापत असेल तर तो कसला, हे विचारायला लाजू नका.

टक्केवारीपेक्षा जास्त भांडणं होतात ती टॅगिंगवरून. नव्या प्रकल्पात ग्राहक नेण्याआधी त्याचं नाव आणि मोबाइलचे काही आकडे बिल्डरच्या सोर्सिंग टीमला कळवायचे, म्हणजे तो तुमच्या फर्मच्या नावावर ‘टॅग’ होतो. टॅगची मुदत प्रकल्पागणिक वेगळी : कुठे तीस दिवस, कुठे साठ. मुदत संपली आणि ग्राहक दुसऱ्याबरोबर आला, किंवा रविवारी बायकोला घेऊन स्वतःच चक्कर मारायला आला, की तो गेला. तुम्ही त्याला चार प्रकल्प दाखवले असतील, उन्हात तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर चढवलं असेल. हिशेबात ते धरत नाहीत. हा झाला बाहेरचा टॅग. नवख्याला जास्त लागतो तो आतला. फर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये तो ग्राहक कुणाच्या नावावर आहे? तुम्ही आणलेला, पण शेवटच्या बैठकीला सिनियर आला, तर वाटणी कशी? आठवडाभर आजारी पडलात तर लीड दुसऱ्याला जाते का? हे प्रश्न मुलाखतीत विचारले की मालकाचा चेहरा बघण्यासारखा असतो. ज्याच्याकडे नियम आहे तो लगेच सांगतो. ‘अरे, आपण घरच्यासारखे, बघून घेऊ’ असं जो म्हणतो, त्याच्याकडे नियम नाही.

रीसेलमध्ये हे सोपं आहे. दोन बाजूंना दोन ब्रोकर असतील तर मुंबईत ‘साइड बाय साइड’ चालतं : ज्याने त्याने आपापल्या माणसाकडून घ्यायचं, साधारण एक ते दोन टक्के. भांडण झालंच तर मालकाने ब्रोकरला बगल देऊन थेट व्यवहार केला म्हणून होतं. त्यावर जुने लोक काय उपाय करतात, तेही त्या दहा बाय बाराच्या ऑफिसातच बघायला मिळतं.

मोबाइल नंबरचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण नाही. कंपनीचं सिम दिलं तर नोकरी सोडताना नंबर तिथेच राहतो, आणि त्याबरोबर व्हॉट्सॲपवरचे सगळे ग्राहकही. स्वतःच्या सिमवरून फोन करायला सांगितलं तर धोका वेगळा. विकत आणलेल्या यादीवरून दिवसाला शंभर अनोळखी लोकांना फोन करणं म्हणजे नोंदणीविना टेलिमार्केटिंग. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने मोबाइल कंपन्यांना आदेश दिला, की असं करणाऱ्यांची सगळी कनेक्शन तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. ज्या नंबरवर बँक खातं, आधार आणि अख्खी नातेवाईक मंडळी जोडलेली आहेत तो नंबर फर्मच्या टार्गेटसाठी पणाला लावू नये. ग्राहक कुठून आणता, हे विचारा. ‘डेटा आहे आपल्याकडे’ हे उत्तर मिळालं तर तो कुणाच्या परवानगीने आला, हेही विचारा.

कायद्याची बाजू फर्मवर सोडून देता येत नाही, कारण प्रमाणपत्रावर नाव तुमचं आहे. नोंदणी क्रमांक मिळालेला नाही अशा प्रकल्पाची विक्री करून देणं एजंटला कलम १० खाली मना आहे. तरीही ‘प्री-लाँच’च्या नावाखाली ईओआयचे, म्हणजे घर घ्यायची इच्छा कळवणाऱ्या अर्जाबरोबरचे, चेक गोळा करायचा प्रकार चालतो; व्हॉट्सॲपवर सुंदर चित्र फिरतं आणि नंबराच्या जागी ‘लवकरच’ लिहिलेलं असतं. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला आहे, तेव्हा कोड नसलेलं चित्र पुढे पाठवण्याआधी थांबा. कलम ९ किंवा १० मोडलं तर कलम ६२ प्रमाणे एजंटला दिवसाला दहा हजार रुपये दंड, आणि तो वाढत वाढत त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आपल्या ८० लाखांच्या फ्लॅटवर ते चार लाख होतात. फर्मची पूर्ण दलालीच २ लाख ४० हजार होती. पहिल्याच आठवड्यात कुणी ईओआय गोळा करायला पाठवलं तर दुसऱ्या आठवड्यात तिथे जाऊ नये.

पासबॅकचंही विचारून घ्या. ग्राहक म्हणतो, तुला बिल्डरकडून तीन टक्के मिळणार, त्यातला एक मला दे, नाहीतर दुसऱ्याबरोबर येतो. काही फर्म सर्रास देतात आणि तो तुमच्या वाट्यातूनही कापतात. अशा ठिकाणी तुम्ही घर विकायला नाही, स्वतःचा पगार विकायला शिकता.

सुरुवातीपासून एकट्याने उतरावं असे लोकही आहेत. मगरपट्टा किंवा खारघरसारख्या वस्तीत दहा-बारा वर्षं राहिलेली, प्रत्येक बिल्डिंगमधल्या चार घरांची माहिती असलेली गृहिणी. बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले गृहस्थ. यांच्याकडे ग्राहक आधीपासून असतात, घाई नसते, आणि कागदपत्रं एक तर कळतात किंवा कळणारं माणूस घरात असतं. त्यांनी आपल्याच कॉम्प्लेक्समधल्या भाड्यापासून सुरुवात करावी, पोर्टलचं वर्षाचं पॅकेज पहिल्याच महिन्यात घेऊ नये. एकच लीड पाच एजंटांना विकली जाते आणि तुमचा फोन पाचवा असतो. बाकीच्यांनी मात्र सहा-आठ महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय हा विचार करू नये.

कुठेही बसलात तरी एक पानी कागद हवाच. त्यात चार गोष्टी पुरतात : वाटा किती आणि कशावर, फर्मला पैसे आल्यावर किती दिवसांत तुम्हाला मिळणार, बुकिंग रद्द झालं तर काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही सोडून गेलात तर तोवर बुक झालेल्या पण पैसे न आलेल्या व्यवहारांचं काय. या धंद्यात माणसं सोडून जातात ती बहुधा अशाच काळात, जेव्हा तीन बुकिंग झालेली असतात आणि एकाचेही पैसे आलेले नसतात. प्रमाणपत्र तुमच्याबरोबर येतं. फर्मच्या नोंदणीवर केलेले व्यवहार येत नाहीत. स्वतःच्या नावाची नोंदणी दहा हजारांत होते, ती करून ठेवलेली बरी. फक्त नोकरी करता करता तिच्यावर बाजूने व्यवहार करू नका. ते उघडकीला येतंच, आणि ब्रोकर मंडळी एकमेकांना फार लवकर फोन करतात.

ऑफिस बघायला जाताना वेळ घेऊन एकदा जा आणि न सांगता एकदा. मालकाशी बोलून झालं की वर्षभरापूर्वी लागलेल्या एखाद्याला खाली चहाला न्या आणि शेवटची दलाली केव्हा जमा झाली ते विचारा. वर्षभरापूर्वीचं कुणीच उरलेलं नसेल तर चहाचे पैसे वाचले. रुजू व्हायला दसरा-दिवाळीचा मोसम गाठू नका. तेव्हा कुणाला मान वर करायला फुरसत नसते आणि तुम्हाला साइटवर पत्रकं वाटायला उभं करतील. पितृपक्षात जा. पंधरा दिवस कुणी टोकन देत नाही, त्यामुळे चांगला मालक जुन्या फाइली काढून बसतो आणि शेजारी बसलात तर कराराची साखळी कशी तपासायची ते दाखवतो. बाकीच्या ऑफिसांत त्या पंधरवड्यात कॅरम चालू असतो.